कालच्या पाच ओव्या

माझ्या मोबाईलवर हल्ली एक सुटाबुटातला माणूस येतो आणि वाचलेलं लक्षात कसं ठेवायचं ते सांगतो. रंगीत पेनं घ्या, वही करा, डोळे मिटून चित्र बघा. त्याला लाखो लोक ऐकतात म्हणे. ऐकोत बिचारे. मला मात्र तो दिसला की डोकं फिरतं, कारण तो जे अर्धा तास घोळतो ते माझ्या बाबांनी एका वाक्यात मिटवलं होतं. "कालचं सांगितल्याबिगर आजचं वाचाचं नाही." बास. न वही, न पेन.

बाबा कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे हातभर अंगण आणि सगळ्यावर बारीक राख. सकाळी अंगण झाडायचं, दुपारी बोट फिरवलं की पुन्हा राख. घरात एकच मोठं पुस्तक होतं, ती पोथी. ती कुठली ते सांगत बसत नाही, आम्ही तिला नुसतं पोथीच म्हणायचो. तिच्यावर राख बसू नये म्हणून माय तिला दुहेरी बासनात बांधायची आणि तरी बाबा उघडताना आधी फुंकर मारायचे. ती सवय त्यांची शेवटपर्यंत गेली नाही. रिटायर होऊन राखेपासून लांब राहायला गेले तरी फुंकर होतीच.

रोज पाच ओव्या. जास्त नाही, कमी नाही. पहिल्या पाळीत असले तर पहाटे, रात्रपाळी असली तर सकाळी घरी आल्यावर, आंघोळ करून, डोळे तांबारलेले असतानाच. पण वाचायच्या आधी कुणीतरी कालच्या पाच ओव्यांत काय होतं ते सांगायचं. तेही पाठ म्हणून दाखवायचं नाही, आपल्या शब्दांत सांगायचं. हे त्यांनी कुठल्या महाराजाकडून घेतलं नव्हतं, प्लांटमधून आणलं होतं. तिथे पाळी बदलताना आधीच्या माणसानं नव्या माणसाला सांगायचं, रात्री काय झालं, कुठला पंप बंद आहे, कुठे गळती आहे. ते ऐकल्याशिवाय नवा माणूस खुर्चीवर बसत नसे. याला ते चार्ज देणं म्हणत. पोथीपुढे मांडी घालून बाबा माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "हं, चार्ज दे बे."

पोथीत खूण म्हणून लाल इन्सुलेशन टेपची पट्टी होती, दोन तुकडे पाठीला पाठ चिकटवून केलेली. कुणालाच कालचं सांगता आलं नाही तर ती पट्टी पुढे सरकायची नाही. कालच्याच पाच ओव्या परत. ओरडा नाही, मार नाही, पण पट्टी जागेवर. एकदा माझ्यापायी ती चार दिवस जागेवर होती. चौथ्या दिवशी मी वैतागून मनाचंच ठोकून दिलं. एक मुंगी नदीत पडते, साधू तिला पान टाकतो, मुंगी त्याला आशीर्वाद देते वगैरे. बाबांनी मान हलवत सगळं ऐकलं. स्वयंपाकघरात माय पदर तोंडात कोंबून हसत होती. माझं झाल्यावर बाबा म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. पोथीत नाही, पन चांगली आहे. आता पोथीतलं सांग." मी मान खाली घातली. मग मायनं कणीक मळता मळता, आमच्याकडे न बघता, कालच्या पाचही ओव्या सांगून टाकल्या.

मायला वाचता येत नव्हतं. दोन वर्षं शाळेत गेली असेल, तीही धाकट्या भावाला कडेवर घेऊन. पण कालचं सांगण्यात तिचा हात कुणी धरला नाही. आणि तिचं सांगणं म्हणजे सरळ नसायचंच. "देव त्याले म्हनते का, सारा भार माह्यावर टाक. टाकन नं. पन तांदूळ निवडाले देव येते का?" किंवा, "थो राजा रडून राहिला. त्याची बायको कुठी गेली हे काही पोथीवाला सांगत नाही." बाबा म्हणायचे, "विचारून येऊ का पोथीवाल्याले?" ती म्हणायची, "या विचारून. येतानी दूध आना." मग पट्टी पुढे सरकायची.

अशी पोथी आमच्या घरात किती वेळा संपली आणि पुन्हा सुरू झाली ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं, मी कॉलेजात गेलो तेव्हा मायला ती अख्खी येत होती. एकादशीला कॉलनीतल्या बाया आमच्याकडे जमायच्या, आणि ती पोथी न उघडता अध्याय सांगायची. बासन समोर बांधलेलं असायचं. एक शिकलेली बाई एकदा मुद्दाम पोथी उघडून बसली, चूक काढायला. तासाभरानं तिनं पोथी मिटली आणि मायच्या पाया पडली. त्या दिवशी माय जेवताना विनाकारण हसत होती. मी तिला एवढं खूश फार कमी वेळा पाहिलं. माणसाकडे आपलं म्हणावं असं काही तरी लागतं. तिच्याकडे सोनं नव्हतं, शिक्षण नव्हतं, माहेरही नावापुरतंच. तिच्याकडे ती पोथी होती, डोक्यात.

बाबा रिटायर झाले तसं क्वार्टर सोडावं लागलं. त्यांनी कोराडी रोडला लहानसं घर बांधलं. मी तोवर सिव्हिल लाइन्सच्या एका सरकारी कचेरीत चिकटलो होतो आणि लग्नानंतर बेसा भागात फ्लॅट घेतला होता. म्हणजे शहराच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला ते. धाकटी बहीण सावनेरला दिलेली. बाबा मे महिन्यातल्या एका सकाळी गेले. कूलरमध्ये पाणी भरलं, बादली खाली ठेवली आणि बसले ते बसलेच. पोथी त्या दिवशी वाचून झाली होती.

तेरवी झाल्यावर पाहुणे पांगले. मी निघायच्या तयारीत होतो, तर मायनं बासन आणून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "तुह्या बाबाचा चार्ज आता तुह्याकडं. मले काही वाचता येत नाही. तू पाच वाच, मी कालचं सांगते. माह्यं जाईन नाही तर सारं."

माझं जाईल नाही तर सारं. हे तिनं स्पष्ट सांगितलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, मला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय तिनं ठेवली नाही.

दीड महिना मी रोज गेलो. पहाटे उठून स्कूटर काढायची, सगळं शहर ओलांडायचं, पाच ओव्या वाचायच्या, तिचं ऐकायचं, चहा घ्यायचा आणि उलट कचेरीत यायचं. ती सांगायची तेव्हा बाबा तिथेच बसलेत असं वाटायचं. मग पोरीचं बारावीचं वर्ष आलं. मग प्रमोशन झालं आणि साहेब लवकर यायला लागले. मग पुलाचं काम निघालं आणि रस्ता खोदला. कारणं सगळी खरी होती. एवढंच की ती सगळी मला सोयीची होती. रोजचं जाणं रविवारवर आलं, रविवार एकाआड एक झाला. फोनवर मी म्हणायचो, "उद्या येतो माय." ती म्हणायची, "ये. मी काढून ठेवते पोथी."

मग मी हुशारी केली. बर्डीच्या बाजारात जाऊन एक यंत्र आणलं, भगव्या रंगाचं, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठं. बटण दाबलं की एक भारदस्त आवाजाचा माणूस अख्खी पोथी म्हणतो. मागे टाळ-मृदंग. मी मायला बटण दाखवलं, ती बोटानं दाबायला शिकली, मी समाधानानं घरी आलो. बायकोला म्हटलंसुद्धा, चला, एक प्रश्न सुटला.

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा विचारलं, "कसं आहे गं माय ते? आवाज येतो ना नीट?"

ती म्हणाली, "आवाज चांगला आहे गा. मानूसही भला वाटते. पन थो कालचं विचारतच नाही. मी सांगाले लागली तं आपलाच बोलत राह्यते."

मी खो खो हसलो. दुसऱ्या दिवशी कचेरीच्या चहाला हीच गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगितली, मायच्या आवाजात. तेही हसले. एक जण म्हणाला, म्हाताऱ्या लोकांचं असंच असतं. मी त्याला टाळी दिली. माझ्या आयुष्यात मी बरेच गाढवपणे केले, काहींचं हसूही येतं. त्या टाळीची मात्र अजून लाज वाटते.

यंत्र आल्यावर माझं पोथीसाठी जाणं थांबलंच, फोन मात्र रोज चालू होता. "ऐकलं का माय आज?" "ऐकलं." "जेवली?" "जेवली." त्यातच विचारता आलं असतं की, काय ऐकलं काल, सांग. तिनं सांगितलं असतं. दोन-चार मिनिटांचं काम. त्यासाठी ना स्कूटर लागत होती ना पेट्रोल. दीड वर्षात मला ते एकदाही सुचलं नाही.

सावनेरहून बहिणीचा फोन आला तो पावसाळा संपता संपता. ती आठ दिवस मायकडे राहायला आली होती. म्हणाली, "दादा, माय विसरून राहिली. भाजीत दोनदा मीठ टाकते ते सोड. मी तिले पोथीतलं विचारलं, त्या राजाचं. तं म्हनते, कोनता राजा?"

मी म्हटलं, "वय झालं वं तिचं."

"वय मलेही समजते," ती म्हणाली. "तुले माहीत आहे का ती रोज काय करते? सकाळी आंघोळ करून चौरंग मांडते, दिवा लावते, बासन सोडते अन् बसते. बंद पोथीपुढं. साडेआठ वाजले का म्हनते, काल बी नाही आला, आज बी नाही. मंग बांधून ठेवते. मी म्हटलं, थो पोथीचा डब्बा लाव नं. तं म्हनते, डब्ब्याले काय, थो तं घरीच राह्यते."

डॉक्टरकडे नेलं. त्यांनी डोक्याचे फोटो काढले, गोळ्या लिहून दिल्या, आता जेवढं आहे तेवढं टिकवायचं बघा, म्हणाले. बाहेर बाकावर माय बसली होती, चप्पल काढून, पाय वर घेऊन. मला पाहून ती ओळखीचं हसली. मला तिथेच रडू आलं आणि मी पाण्याच्या नळापाशी जाऊन तोंड धुतलं.

पुढच्या महिन्यात मी रिटायर झालो. निरोपाचा हार गळ्यात होता तेव्हाच ठरवलं होतं, उद्यापासून रोज. आणि गेलो. साडेसातला पोचलो. खरोखरच चौरंग मांडलेला होता. मी पोथी उघडली. लाल पट्टी मी दीड वर्षापूर्वी जिथे ठेवली होती तिथेच होती. मी फुंकर मारली आणि बाबांसारखंच म्हटलं, "हं माय, चार्ज दे. कालचं सांग."

तिनं बराच विचार केला. कपाळावर आठ्या आल्या. मग म्हणाली, "काल तू आला नाही."

बरोबरच होतं. मी मान खाली घालून पाच ओव्या वाचल्या, एकेक सावकाश, अर्थ सांगत. ती नीट ऐकत होती. चहा करून दिला, साखर टाकायची राहिली होती, मी तसाच प्यायलो.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "कालचं सांग माय."

"काल तू आला नाही."

"अगं आलो होतो. इथंच बसलो. वाचलं नाही का आपण?"

"नाही गा," ती म्हणाली, अगदी शांतपणे. लहान पोराची चूक दुरुस्त करावी तसं.

तिसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी तेच. तिला कालचं सांगता येत नव्हतं, म्हणून पट्टी हलवायची नाही, हा घरचा कायदा. मी त्याच पाच ओव्या रोज वाचत राहिलो. महिन्याभरात त्या मलाच पाठ झाल्या. तिच्या हाती काही लागलं नाही. मी हट्टाला पेटलो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तारखेला गोल करायला लागलो आणि तिला दाखवायचो, हा बघ कालचा गोल. शेजारच्या काकूंना साक्षीला आणलं. त्या म्हणाल्या, "आला होता वं बाई, माह्या डोळ्यानं पाह्यलं." माय त्यांना म्हणाली, "तुमाले चाय ठेवू का?" आणि मग माझ्याकडे वळून, "पन काल नाही आला."

बाबा म्हणायचे, रोज थोडं थोडं, तेच पक्कं राह्यते. एकदम खूप वाचलेलं वाहून जाते. मला ते तेव्हा खरं कळलं. राजा गेला, साधू गेले, कॉलनीतल्या बाया, त्यांचं पाया पडणं, सगळं तिच्या डोक्यातून गेलं. दीड वर्ष रोज सकाळी साडेआठला तिनं जे एकच वाक्य म्हटलं होतं, तेवढं राहिलं. तिचा अभ्यास चुकला नव्हता.

एक दिवस माझा तोल गेला. निघायलाच उशीर झाला होता, स्कूटर मध्येच बंद पडली होती, आणि आल्या आल्या तेच ऐकलं. मी ओरडलो. "माय, मी रोज येऊन राहिलो! रोज! तीन महिने झाले! काहून असं म्हनते तू?"

ती घाबरली. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले आणि म्हणाली, "रागावू नको गा. जमन तवा ये."

त्या दिवशी मी वाचलं नाही. बाहेर ओट्यावर बसून राहिलो. जमेल तेव्हा ये. दीड वर्ष फोनवर ती मला हेच म्हणत असणार आणि मी ते परवानगी समजून घेत होतो. आईवर ओरडलेला साठीचा माणूस जसा बसेल तसा मी बसलो होतो. संध्याकाळी घरी आलो तर बायको म्हणाली, उद्या नका जाऊ, एक दिवस विसावा घ्या.

सकाळी गेलो. पोथी सोडली, फुंकर मारली, आणि तिला काही विचारायचं नाही असं ठरवून पट्टीपाशी बोट ठेवलं. तर तीच माझ्याकडे बघत होती. पाठ ताठ, मांडी घातलेली. म्हणाली, "हं. चार्ज दे बे."

बे. हा बाबांचा शब्द, तिनं मला कधी वापरला नव्हता. मी घाईघाईनं त्या पाच ओव्या सांगायला लागलो, त्या तर आता पाठच होत्या. तिनं मान हलवली. "ते नाही. कालचं."

मी तिच्याकडे बघितलं. कॅलेंडर समोर होतं, त्यावर माझे गोल होते, एकाखाली एक. कालचाही होता.

मी म्हटलं, "काल मी आलो नाही, माय."

"हो," ती म्हणाली. "बरोबर." चेहरा एकदम मोकळा झाला. मग तिनं हात पुढे केला आणि लाल पट्टीवर बोट टेकवलं. "सरकव आता."

मी पट्टी पाच ओव्या पुढे सरकवली. त्यानंतर माय गेली तोवर, एकही दिवस न चुकवता, मी रोज गेलो. रोज आधी सांगितलं, काल मी आलो नाही. आणि मग पुढच्या पाच ओव्या वाचल्या.